दावा फेटाळला गेला म्हणून वकील दोषी ठरतो का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या, अठ्ठावन्न वर्षांच्या एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचे यजमान आणि दीर यांच्यात १९९८ साली नोंदणीकृत वाटणीपत्र झाले आणि वाड्याचा रस्त्याकडील भाग यजमानांच्या वाट्याला आला. यजमान गेल्यानंतर दिरांनी वाटपाचा दावा लावला. साक्षीपुरावा होऊन तो २०१६ मध्ये फेटाळला गेला व त्यावर अपील झाले नाही. नंतर पुतण्याच्या नावाने वाटणीपत्र रद्द करून मागणारा दावा आला, तो मुदतबाह्य असल्याने २०१९ मध्ये वादपत्रच (दाव्याचा मूळ अर्जच) नामंजूर झाले. तिसरा दावा बोळातील वहिवाटीवरून मनाई हुकमासाठी होता. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज नामंजूर झाल्यावर वादीने तो २०२२ मध्ये मागे घेतला. आता जाऊबाईंच्या नावाने चौथा दावा आला असून गेल्या आठवड्यात समन्स मिळाले आहे. त्यात तोंडी कौटुंबिक व्यवस्थेचा आधार घेतलेला आहे आणि ‘या मिळकतीबाबत यापूर्वी कोणताही दावा दाखल झालेला नाही’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. चारही दाव्यांत समोरचे वकील एकच आहेत. न्यायालयाच्या व्हरांड्यात या भगिनीने त्यांना जाब विचारला, तेव्हा ‘अशिलाने सांगितले ते मी लिहिले’ एवढेच उत्तर मिळाले. बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार करून या वकिलांची सनद रद्द करून घ्यावी, असे त्यांना वाटते. त्यांची मुलगी मात्र त्याच न्यायालयात नुकतीच ज्युनियर म्हणून काम करू लागली आहे, आणि ‘आई, हे केलेस तर माझे इथे काम करणे कठीण होईल’ असे तिचे म्हणणे आहे. काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

ताई, एकाच घरासाठी वर्षानुवर्षे सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या की माणूस थकतो, आणि हा थकवा आपल्या पत्रात जागोजागी दिसतो. मी याच शहरात दिवाणी वकिली केली आहे. ‘एक दावा टाकून ठेवू, पुढचे पुढे बघू’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आपला राग मला मुळीच अनाठायी वाटत नाही. आपल्याच व्यवसायातील माणसाविरुद्ध तक्रार आली की वकिलांनी मान फिरवून घ्यावी, हेही मला मान्य नाही. तरीसुद्धा ‘आजच तक्रार करा’ असे मी आपल्याला सांगणार नाही. तक्रार करायचीच झाली तर ती चार दाव्यांबद्दल करू नये, चौथ्या दाव्यातील त्या एका वाक्याबद्दल करावी, आणि तीसुद्धा ते वाक्य खोटे असल्याची नोंद न्यायालयाच्या आदेशात झाल्यानंतर करावी, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे जरा विस्ताराने मांडतो.

आपल्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की चार दावे लागले, त्यांतले तीन टिकले नाहीत, म्हणजे चारही दावे खोडसाळ होते आणि ते लावणारा वकील गैरवर्तनाचा दोषी आहे. हे दावे एकेक करून पाहू. पहिल्या दाव्यात साक्षी झाल्या, उलटतपास झाला आणि मग वाटणीपत्राच्या आधारे निकाल लागला. वाटणीपत्र आपल्यावर लादले गेले असे दिरांना खरोखर वाटत असेल तर न्यायालयात जाण्याचा त्यांना हक्क होता, आणि हरणारी बाजू मांडणारा वकील त्यामुळे गैरवर्तनाचा धनी होत नाही. दुसऱ्या दाव्यात वादी बदलला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा स्वतंत्र हक्क असतो, हा मुद्दा हिंदू कायद्यात अगदी जुना आहे. तो या प्रकरणात मुदतीच्या पायरीवरच अडला, परंतु मुदतीबाबत वकिलाचा अंदाज चुकणे हे अप्रामाणिकपणाचे लक्षण मानता येत नाही. तिसरा दावा वहिवाटीचा, म्हणजे मालकीहून वेगळ्या विषयाचा होता, आणि अंतरिम अर्जावर यश न मिळाल्यावर तो मागे घेण्याची मुभा कायदाच देतो. आपल्याला यातून झालेला त्रास खराच आहे. पण बार कौन्सिलची शिस्तपालन समिती आपल्याला झालेला त्रास मोजायला बसत नाही. वकिलाला काय ठाऊक होते आणि ते ठाऊक असताना त्याने काय केले, हे ती पाहते. या निकषावर पहिले तीन दावे आपण तक्रारीत घातले, तर समोरच्या वकिलांना त्या तिन्हींचे समर्पक उत्तर देता येईल आणि त्या गर्दीत चौथ्या दाव्यातला खरा दोष झाकला जाईल.

दुबळा दावा आणि खोटा दावा यांत फरक करण्याचा आग्रह मी धरतो, त्याला आणखी एक कारण आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असतील तरच मुलीला सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मजात हिस्सेदार) म्हणून हिस्सा मिळेल. त्यानंतरची काही वर्षे, ज्यांचे वडील २००५ पूर्वीच वारले होते अशा बहिणींचे वाटपाचे दावे बहुतेकांना हरलेलेच वाटत असत, आणि भाऊ त्यांना ‘त्रास देण्यासाठी लावलेले दावे’ म्हणत असत. २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ बदलला आणि मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असे ठरवले. मधल्या काळात हे दावे लावणाऱ्या, ते चिकाटीने जिवंत ठेवणाऱ्या वकिलांना ‘फालतू दावे लावता’ म्हणून शिक्षा होत गेली असती, तर त्या बहिणींचे म्हणणे मांडायला कोण उभे राहिले असते? (याच दुरुस्तीत २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटण्यांना संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे आपल्या १९९८ च्या वाटणीपत्राला या निर्णयाने धक्का लागत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

आता ‘अशिलाने सांगितले ते मी लिहिले’ या उत्तराकडे वळू. ते अर्धे बरोबर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वादपत्रावर पक्षकार आणि वकील या दोघांच्या सह्या असतात, परंतु मजकूर खरा असल्याचे सत्यापन पक्षकार करतो, आणि २००२ पासून सोबत शपथपत्रही द्यावे लागते. घरात कोणी कोणाला काय तोंडी कबूल केले, बोळातून कोण किती वर्षे जात-येत होते, अशा गोष्टी वकिलाला अशिलाकडूनच कळतात. त्या खोट्या निघाल्या तर त्याची जबाबदारी मुख्यतः सांगणाऱ्यावर पडते. भारतीय बार कौन्सिलच्या आचारनियमांनीही वकिलावर अशिलाची बाजू निर्भयपणे मांडण्याचे कर्तव्य टाकलेले आहे, आणि आपण ज्या न्यायालयात काम करतो तिथले काम सहसा नाकारू नये असेही म्हटले आहे.

उरलेले अर्धे उत्तर मात्र टिकणारे नाही. त्याच आचारनियमांत पुढे असे सांगितले आहे की वकिलाने स्वतःला अशिलाचे केवळ मुखपत्र समजू नये, अनुचित मार्गाने जाणाऱ्या अशिलाला आवरण्याचा पूर्ण प्रयत्न करावा, आणि तो ऐकतच नसेल तर त्याचे काम चालवण्यास नकार द्यावा. खटलेबाजीला चिथावणी देण्यात वकिलाने कधीही सहभागी होऊ नये, असा स्वतंत्र नियमही आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर बंगळूरचे एक प्रकरण आले होते. घर रिकामे करण्याचा आदेश कायम झाल्यानंतरही तो टाळण्यासाठी नवे दावे लावले जात होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात दोन गोष्टी सांगितल्या. कनिष्ठ न्यायालयांनी वादपत्र अर्थपूर्ण रीतीने वाचावे आणि चलाखीने उभे केलेले दाव्याचे कारण पोकळ दिसले तर दावा सुरुवातीलाच रोखावा, ही पहिली. दुसरी वकिलांसाठी होती: पूर्णतः लबाडीचे आणि फालतू दावे त्यांनी स्वतःच गाळून बाजूला ठेवावेत, संशयास्पद अशिलांच्या नादी लागू नये. बार कौन्सिल या कर्तव्याला चालना देईल, अशी आशाही न्यायालयाने व्यक्त केली होती. ही आशा अजून पुरेशी फळाला आलेली नाही, याची खंत मला आहे.

म्हणूनच आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ मला ‘यापूर्वी कोणताही दावा दाखल झालेला नाही’ ही वाटते. मालकी, वहिवाट, तोंडी व्यवस्था यांबद्दल वकील ‘मला कसे कळणार?’ असे म्हणू शकतो. या वाक्याबद्दल त्याला तसे म्हणता येणार नाही, कारण मागच्या तिन्ही दाव्यांत त्याचेच वकीलपत्र आहे, वादपत्रांवर त्याची सही आहे आणि रोजनाम्यात (दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) त्याची हजेरी आहे. इथे अशिलाच्या सांगण्याचा प्रश्नच येत नाही, हे वाक्य खोटे असल्याचे त्याला स्वतःच्या कामातून ठाऊक होते. न्यायालयापासून महत्त्वाची वस्तुस्थिती जाणूनबुजून दडवणे हे गैरवर्तनच आहे, आणि ते सिद्ध करायला आपल्याला एकही साक्षीदार लागणार नाही, फक्त नकला लागतील.

एवढे म्हटल्यावरही एक शक्यता न्यायबुद्धीने मोकळी ठेवावी लागेल. अनेक कार्यालयांत वादपत्राचा तयार नमुना असतो, ज्युनियर किंवा टंकलेखक त्यात नावे बदलतो आणि हे छापील वाक्य तसेच राहून जाते. तसे झाले असेल तर तो निष्काळजीपणा ठरेल, लबाडी ठरणार नाही. खरे काय ते कळण्याचा सोपा मार्ग असा की आपल्या वकिलांमार्फत समोरच्या वकिलांना एक लेखी पत्र पाठवावे. मागील तिन्ही दाव्यांचे क्रमांक त्यात द्यावेत आणि वादपत्र दुरुस्त करण्याची विनंती करावी. चूक असेल तर ते दुरुस्तीचा अर्ज देतील. पत्र मिळूनही त्यांनी काहीच केले नाही, तर ‘लक्षात आले नाही’ हा बचाव पुढे त्यांना उरणार नाही. व्हरांड्यात गाठून त्यांच्याशी पुन्हा बोलू नका, अशी माझी विनंती आहे. आपण वकिलामार्फत हजर असताना त्यांनीही दाव्याच्या विषयावर आपल्याशी थेट बोलू नये, असाच नियम आहे.

आपली दुसरी समजूत अशी दिसते की सनद गेली की दावेही थांबतील. तसे होणार नाही. बार कौन्सिलकडील कारवाईमुळे चालू दाव्याला स्थगिती मिळत नाही, आपल्याला भरपाई मिळत नाही, आणि दीर दुसऱ्याच दिवशी दुसरे वकील करू शकतात. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली चालणारी ही कारवाई व्यवसायाची शुद्धता राखण्यासाठी असते. तक्रार आल्यावर किंवा अन्य मार्गाने माहिती मिळाल्यावर, गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण दिसले तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल ते प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपवते. समिती वकिलाला आणि राज्याच्या महाधिवक्त्यांना नोटीस देते, पुरावा घेते, उलटतपास होतो. शेवटी तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक काळासाठी व्यवसायातून निलंबित करणे किंवा नाव पटावरून काढून टाकणे, यांपैकी एक आदेश होतो. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. समितीच्या आदेशावर साठ दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. एखाद्याचा उदरनिर्वाह काढून घेणारी ही शिक्षा असल्यामुळे पुरावाही तितकाच भक्कम मागितला जातो, आणि तो मागितला जाणे योग्यच आहे.

तक्रार लगेच करू नये असे मी म्हणतो, त्यामागे आणखी एक अडचण आहे. आपण त्या वकिलांच्या अशील नाही, प्रतिपक्ष आहात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्याच एका प्रकरणात, प्रतिपक्षाच्या वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारीवरील कारवाई रद्द ठरवताना असे म्हटले की व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीसाठी तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नाते असणे ही सर्वसाधारणपणे पूर्वअट आहे. वकिलांना अशा तक्रारींत विनाकारण गुंतवण्याबद्दल न्यायालयाने तीव्र नाराजी दाखवली आणि खर्चही लादला. म्हणजे खोडसाळ दाव्याविरुद्ध केलेली आपली तक्रारच खोडसाळ ठरवली जाण्याचा धोका आहे. कलम ३५ मधील ‘अन्य मार्गाने’ हे शब्द म्हणूनच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दिवाणी न्यायालयाने स्वतःच्या आदेशात वस्तुस्थिती दडवल्याची नोंद केली आणि आदेशाची प्रत बार कौन्सिलकडे पाठवली, तर प्रश्न केवळ एका चिडलेल्या प्रतिवादीचा राहत नाही. न्यायालयाचीच दिशाभूल झाल्याची ती बाब होते आणि बार कौन्सिलला तिची दखल स्वतःहून घेता येते. अशी प्रकरणे कौन्सिलने सहज बाजूला सारू नयेत, हे २००१ मधील पुण्याच्या एका प्रकरणावरून दिसते. साक्षीदार हजर असताना वारंवार तारखा मागणाऱ्या वकिलांविरुद्धची तक्रार आपल्या राज्याच्या कौन्सिलने प्राथमिक टप्प्यावरच निकालात काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि हे वर्तन गैरवर्तनाच्या व्याख्येत बसते असे स्पष्ट केले.

तेव्हा आधीचे काम जिल्हा न्यायालयातच करायचे आहे. आपल्या लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, हा दावा वादीला ठाऊक असूनही खोटा व त्रास देण्यासाठी लावलेला आहे, असा आक्षेप स्पष्ट शब्दांत घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खालील भरपाईसाठी असा आक्षेप घेतलेला असणे आवश्यक असते, आणि तो घेतलेला असेल तर पुढे वादीने दावा मागे घेतला तरी न्यायालय कारणे नोंदवून भरपाई देऊ शकते. या भरपाईची मर्यादा तीन हजार रुपये आहे, आणि आजच्या काळात ती हास्यास्पद आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही दावा खोटा व त्रासदायक का ठरतो, याची न्यायाधीशांनी लिहिलेली कारणे आपल्याला त्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतील. त्याच संहितेच्या कलम ३५ खालील प्रत्यक्ष खर्चाचे विवरणपत्रही द्या: वकिलांची फी, नकला, आपले जाणे-येणे. खोट्या दाव्यांत नाममात्र खर्च न लावता वास्तव खर्च लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील रामरामेश्वरी देवी प्रकरणात बजावलेले आहे.

याच टप्प्यावर आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज द्यावा, पण केवळ त्यावर विसंबू नये. त्या अर्जात न्यायालय मुख्यतः वादपत्र पाहते. मागील निकालांचा बाध ठरवण्यासाठी जुन्या दाव्यांतील पक्षकारांचे लेखी म्हणणे आणि निर्णय तपासावे लागतात, आणि त्यासाठी हा नियम सहसा पुरेसा पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. म्हणून पूर्वनिर्णयाच्या बाधाचा (एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा आणता येत नाही, हा) मुद्दा प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवावा, अशी स्वतंत्र विनंती सोबत असू द्या. जाऊबाईंचा हक्क दिरांच्या हक्कातूनच येत असेल तर २०१६ चा निकाल त्यांच्यावरही बंधनकारक ठरू शकतो. तिसरा दावा मागे घेताना नवा दावा लावण्याची परवानगी मागितली होती का, हेही रोजनाम्यावरून पाहा. ती नसेल तर त्याच विषयावर त्या वादीला पुन्हा येता येत नाही. शपथेवरील खोट्या विधानाबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज करता येतो आणि त्यावर न्यायालय चौकशी करून फौजदारी तक्रार दाखल करू शकते. परंतु तो अर्ज मुख्यतः शपथ घेणाऱ्या जाऊबाईंवर जाईल, वकिलांवर नाही. घरातल्या स्त्रीला, जिने कदाचित तो कागद वाचलाही नसेल, फौजदारीत ओढायचे का, याचा विचार आपणच करायचा आहे. मी तो अर्ज शेवटचा ठेवला असता.

महाराष्ट्रात १९७१ चा त्रासदायक खटले प्रतिबंधक कायदा आहे. सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय खटले भरणाऱ्या व्यक्तीविरुद्ध महाधिवक्त्यांच्या अर्जावर उच्च न्यायालय असा आदेश देऊ शकते की तिने परवानगीशिवाय नवा खटला भरू नये. आपल्या प्रकरणात दर वेळी वादीचे नाव बदललेले असल्याने हा मार्ग सोपा नाही. पण चौथ्या दाव्याच्या निकालात ‘एकाच कुटुंबाने नावे बदलून लावलेले दावे’ अशी नोंद झाली तर त्याचाही विचार पुढे करता येईल.

आपल्या परिचितांनी सुचवलेले काही मार्ग आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहेत. ग्राहक आयोगाकडे जाण्यात अर्थ नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले आहे, आणि ते तर आपले वकीलही नाहीत. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचे नाव घालून लिहिण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्या. त्यातून आपल्यावरच बदनामीचा खटला ओढवेल आणि न्यायालयात आपली बाजू कारण नसताना कमकुवत होईल. ‘तक्रार करू अशी धमकी दिली की ते दावा मागे घ्यायला लावतील’ हा सल्लाही मला घातक वाटतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार दाखल झालेली तक्रार केवळ तक्रारदाराने मागे घेतली किंवा आपसात तडजोड झाली म्हणून बंद होत नाही, तेव्हा ती दबावाचे साधन म्हणून वापरता येत नाही आणि वापरूही नये. दिरांशी खरोखर काही मिटवायचे असेल, उदाहरणार्थ त्या बोळाचा प्रश्न, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातील मध्यस्थीचा मार्ग खुला आहे. स्त्री म्हणून आपल्याला तिथे मोफत विधी सहाय्यही मिळू शकते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता मुलीबद्दल. तिची भीती आपण ‘पळपुटेपणा’ या शब्दात लिहिली आहे, तो शब्द मला खटकला. नव्या वकिलाला सीनियरांच्या सद्भावावर बरेच अवलंबून राहावे लागते, आणि बाररूममध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. ती म्हणते ते घडू शकते. परंतु आई गप्प राहिली तर मुलीची वाट सोपी होईल, हे तिचे गृहीतकही मला तपासून पाहावेसे वाटते. रागाने भरलेली, चार पानांची, वकिलाच्या हेतूंवर आरोप करणारी तक्रार गेली तर मुलीला लोक आपली बाजू घेणारी म्हणून पाहतील. न्यायालयाच्या आदेशातील एका नोंदीवर आधारलेली, मोजक्या शब्दांची तक्रार गेली तर तिच्याकडे बोट दाखवायला फारसे काही उरत नाही, आणि ज्यांच्या मताला किंमत आहे असे वकील अशा तक्रारीचा राग धरत नाहीत. तिला या दाव्यापासून पूर्णपणे दूर ठेवा. तिने वकीलपत्र घेऊ नये, कैफियत लिहू नये, समोरच्या वकिलांशी आईच्या वतीने बोलू नये. तक्रारीचा मसुदाही दुसऱ्या वकिलाकडून करून घ्या. ती ज्या सीनियरांकडे काम करते त्यांना मात्र तिने स्वतः आधीच सर्व सांगून ठेवावे, कारण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

तिला आणि तिच्या वयाच्या वकिलांना मला आणखी एक सांगायचे आहे. असाच एखादा अशील तिच्याकडेही येईल, फी घेऊन, जुने निकाल लपवून. त्या दिवसासाठी आताच सवय लावून घ्यावी: वादपत्र लिहिण्यापूर्वी ‘या मिळकतीवर आधी काही झाले आहे का?’ हे विचारून उत्तर अशिलाच्या सहीने लिहून घ्यावे, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकारांच्या नावांनी शोध घ्यावा, आणि दावा चालण्यासारखा नसेल तर तसे मत लेखी द्यावे. काम स्वीकारल्यानंतर लबाडी कळली तर पुरेशी सूचना देऊन, न केलेल्या कामाची फी परत करून बाजूला होता येते. आचारनियमांत तशी सोय आहे. पक्षकारांनीही वादपत्र न वाचता सही करू नये. ‘नुसती सही करा, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकावर किंवा वकिलावर विसंबून ज्यांनी शपथपत्रावर अंगठा उमटवला, अशी माणसे नंतर फार अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

आदेशात हवी ती नोंद झाल्यावर तक्रार करायची ठरवलीत, तर ती अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह, विहित शुल्क भरून मुंबईच्या मुख्यालयात द्यावी लागते. ती मराठीतही देता येते. तक्रारीत वकिलांच्या स्वभावाबद्दल, त्यांच्या कमाईबद्दल, दिरांशी असलेल्या त्यांच्या मैत्रीबद्दल एक अक्षरही नको. मागील तीन दाव्यांतील वकीलपत्रे, चौथ्या वादपत्रातील ते वाक्य, आपल्या वकिलांचे दुरुस्तीची विनंती करणारे पत्र आणि न्यायालयाचा आदेश एवढेच जोडावे, आणि सनद रद्द करा अशी मागणी न करता योग्य ती कारवाई करावी अशी विनंती करावी. शिक्षा किती द्यायची ते समिती ठरवील. कौन्सिलने तक्रार पुढे न नेता निकाली काढली तर भारतीय बार कौन्सिलकडे पुनरीक्षणासाठी जाता येते. न्यायालयाने आदेशात तशी नोंद केलीच नाही, किंवा समोरच्या वकिलांनी पत्र मिळताच चूक मान्य करून वादपत्र दुरुस्त केले, तर तक्रारीचा विचार सोडून द्यावा असेच मी म्हणेन, आणि ते आपल्याला आज पटणार नाही याची मला कल्पना आहे.

समन्स गेल्या आठवड्यात मिळाले आहे, म्हणजे लेखी कैफियतीची तीस दिवसांची मुदत चालू झालेली आहे. न्यायालय कारणे नोंदवून ती नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते, पण त्यावर अवलंबून राहू नका. तिन्ही जुन्या दाव्यांतील वादपत्र, वकीलपत्र, रोजनामा आणि निकाल यांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज याच आठवड्यात द्या. २०१६ मध्ये निकाली निघालेल्या दाव्याचे कागद अभिलेख कक्षातून काढायचे असल्याने त्याला सर्वाधिक वेळ लागेल, तेव्हा तो अर्ज आधी द्या.